बारा सूत

महेंद्र सरांच्या पिकअपचं पोट कोल्हारच्या ओढ्यातल्या धोंड्याला घासलं, तेव्हा आवाज फार मोठा झाला नव्हता. पण तो ऐकायला बावीस माणसं हजर होती, आणि सरांना ती बावीसच्या बावीस नावानिशी पाठ होती.

ही रंगीत तालीम होती. बुद्धपौर्णिमेला वस्तीवरच्या विहारात नवी मूर्ती बसायची होती. मूर्ती पुण्याहून येऊन संगमनेरला सरांच्या हॉलमध्ये, पेंढा भरलेल्या लाकडी पेटीत विसावली होती. ती गावात आणायचा मान सरांच्या गाडीचा, आणि गाडीत पुढे बसायचा मान सरांच्या आईचा, असं ठरलेलं होतं. चांगुणाबाई गेली अकरा वर्षं रोज पहाटे विहार झाडत होत्या. "माझा म्हेंद्र आणील मूर्ती सोताच्या गाडीतनं," हे त्यांनी गावात इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता मूर्ती दुसऱ्या कशातून आली असती तर म्हातारीला तोंड लपवायची पाळी आली असती.

गाडीही साधीसुधी नव्हती. कुठल्याशा पाणलोटाच्या संस्थेने लिलावात काढलेली, चारही चाकांना जोर लागणारी पिकअप सरांनी हौसेनं घेतली होती. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला अशी गाडी कशाला, असं भारतीवहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, एकदाच विचारलं होतं. त्यावर सरांनी घर्षण या विषयावर वीस मिनिटं सांगितलं. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही.

तर पोट घासलं. चुलतभाऊ संदीप पुढे आला. त्याचा छोटा टेम्पो होता, त्यातून तो कांदे, म्हशी आणि वऱ्हाड अशा सगळ्या गोष्टी सारख्याच प्रेमानं वाहायचा.

"दादा, सोपं हाय," तो म्हणाला. "वड्यात चार फळ्या टाकू. माझा टेम्पो रोज तसाच जातोय."

आता चार फळ्या ही काही शिवी नव्हे. पण चारही चाकांना जोर असलेल्या गाडीच्या मालकाला बावीस माणसांपुढे कुणी चार फळ्या सुचवाव्यात, हे सरांना शिवीपेक्षा जास्त लागलं. "फळ्या कशाला? गाडी उंच करतो," ते म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं सुरू होतं. पुढच्या सगळ्या प्रकरणात हातांचाच संबंध होता, म्हणून ही म्हण इथे जरा जास्तच चपखल बसते.

कारण असं, की मोटारीची पुढची चाकं लोखंडी हातांनी धरलेली असतात. दोन बाजूंना वरचे दोन, खालचे दोन. गॅरेजमध्ये त्यांना आर्म म्हणतात. गाडी उंच केली की वरचे हात आखूड पडतात आणि चाकं तिरपी होतात. म्हणून वरचे दोन्ही आर्म जरा लांब करून घ्यावे लागतात. हे सगळं सरांनी मोबाईलवर एका रविवारी पाहिलं आणि सोमवारी शेजारच्या सहादेवअण्णांना समजावून सांगितलं. अण्णा सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून दुसऱ्यांची कागदपत्रं पूर्ण करण्यात त्यांचा दिवस चांगला जायचा.

"परवानगी घेतली?" अण्णांनी विचारलं.

"कशाची?"

"गाडीत बदल करताय आणि वर कशाची म्हणून विचारताय? उद्या रस्त्यात अडवलं म्हणजे? मास्तर माणूस तुम्ही. पेपरात फोटो येईल."

पेपरात फोटो म्हटल्यावर सरांना झोप लागेना. दुसऱ्या दिवशी अण्णा त्यांना एका ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्याच्या टपरीवर घेऊन गेले. टपरीवाल्याने टाईप केलं, 'फ्रंट आर्म बदलणेबाबत'. सर मागून वाचत होते. चुकीचं व्याकरण बघून गप्प बसणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही.

"आर्म नाही, आर्म्स," ते म्हणाले. "दोन आहेत. अनेकवचन करा."

टपरीवाल्याने अनेकवचन केलं. आणि काय आश्चर्य, 'आर्म्स' या नावाचा तयार फॉर्मच समोर उघडला. सरकारने आपल्यासारख्यांचा इतका विचार करून ठेवलाय हे पाहून सरांना क्षणभर भरून आलं.

"कशासाठी पाहिजे? सोतासाठी का शेतीसाठी?" टपरीवाल्याने विचारलं.

"दोन्हीसाठी," सर म्हणाले.

"कायमचा पत्ता?"

सरांनी कोल्हारचा सांगितला.

गॅरेज मच्छिंद्रचं होतं, नाशिक-पुणे रस्त्यावर. मच्छिंद्र सरांचा जुना विद्यार्थी. फिजिक्समध्ये दोनदा नापास झालेला, तरी सर दिसले की हातातला पाना खाली ठेवून उभा राहणारा. सरांनी त्याच्यापुढे आलेखवही उघडली. तीन पानं गणित होतं, साइन होता, कोसाइन होता, शेवटी उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या. वरचे आर्म बारा मिलिमीटर वाढवायचे. गणित अगदी बरोबर होतं, हे मुद्दाम सांगून ठेवतो. नंतर सरांच्या बाजूनं बोलण्यासारखं फार काही उरत नाही.

मच्छिंद्रने वहीकडे आदरानं पाहिलं, पण हात लावला नाही. हाताला ऑईल होतं.

"सर, लेथवाल्याला हे न्हाई कळायचं. सुतात सांगा. किती सूत वाढवू?"

आता सूत म्हणजे किती, हे सरांना माहीत नव्हतं. एकके आणि मोजमापे हा अकरावीचा पहिला धडा ते सव्वीस वर्षं शिकवत होते. त्यात अँगस्ट्रॉम होता, प्रकाशवर्ष होतं, सूत नव्हतं. "सूत म्हणजे काय रे?" एवढं विचारायला तीन सेकंद लागले असते. पण समोर दोनदा नापास झालेला मुलगा उभा होता. सरांनी मनात तर्क केला. सूत म्हणजे धागा. धागा म्हणजे बारीक. बारीक म्हणजे मिलिमीटर. सुतावरून स्वर्ग गाठणं याचा इतका शब्दशः अनुभव फार थोड्यांना येत असेल.

"बारा," सर म्हणाले.

"बारा?" मच्छिंद्रने गाडीच्या चाकाकडे पाहिलं, मग सरांकडे. "बारा सूत, सर? लई व्हतंय का जरा?"

"मच्छिंद्र, त्रिकोणमिती आहे ही."

"मग काय," असं म्हणून मच्छिंद्रने मान खाली घातली. खरं तर एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बारा सूत म्हणजे दीड इंच. हे मच्छिंद्रला ठाऊक होतं, लेथवाल्याला ठाऊक होतं, समोर चहा विकणाऱ्यालासुद्धा ठाऊक असणार. पण सर म्हणाले म्हटल्यावर पुढे बोलायची आपल्याकडे पद्धत नाही.

इकडे काम चालू असताना तिकडे कोल्हारला चांगुणाबाईंच्या दारात पोलिस उभा राहिला. चौकशीचा कागद घेऊन.

"मावशी, तुमच्या मुलाला आर्म्स पाहिजेत म्हणे."

"व्हय रं बाबा, आराम पायजेच त्याला," चांगुणाबाई म्हणाल्या. "लई वर्सं झाली. गाडीच्या आरामाचं मला बी बोल्ला हुता फोनवर."

"गाडीत ठेवणार?"

"मंग काय घरात? गाडीलाच बसवनार."

पोलिसाने लिहून घेतलं. "कुणाचा त्रास आहे का त्यांना?"

"हाय की. त्यो धोंडा. त्येच्यापायी तर हे समदं."

"धोंडा? राहतो कुठं?"

"वड्यात."

पोलिसाने 'धोंडा, रा. ओढा' असं लिहिलं. "आणखी कुणाशी वाद?"

"वाद कसला. संदीपसंगं जरा बोलाचाली झाली टेम्पोवरनं, तेवढंच."

सायंकाळी सरांना संदीपचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला होता. "दादा, फळ्या म्हनलो त्ये चुकलं माझं. पाया पडतो. पर त्यापायी बंदूक?"

सरांना आधी काही कळेना. तो तयार फॉर्म शस्त्र परवान्याचा होता हे कळलं तेव्हा ते हॉलमध्ये पेटीसमोरच्या खुर्चीत बसले. पेटीची वरची फळी काढलेली होती आणि पेंढ्यातून मूर्तीचा चेहरा दिसत होता, डोळे अर्धे मिटलेले. सरांनी खुर्ची फिरवून घेतली. दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात जाऊन त्यांनी हात वर-खाली करत आर्म म्हणजे काय ते समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सर, माझी मुलगी तुमच्याच वर्गात आहे." एवढंच. हसले नाहीत. हसले असते तर सरांना बरं वाटलं असतं. अर्ज आता मागे घेता येत नव्हता, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, असंही कळलं.

गाडी मिळाली ती पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. भारतीवहिनी दारात येऊन बघतच राहिल्या.

"ही अशी का उभी आहे?"

"कशी?"

"घोड्यावरून आत्ताच उतरल्यासारखी."

पुढची दोन्ही चाकं वरून बाहेर झुकली होती. फेंगड्या पायांचा पहिलवान उभा राहावा तशी गाडी उभी होती. "भार पडला की सरळ होतील," सर म्हणाले. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की त्यांना स्वतःलाही जवळजवळ पटलं. शिवाय स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला लागून कर्र वाजायचं. त्यावर सरांचा उपाय असा, की डावीकडे पूर्ण वळायचंच नाही. आलेखवही त्यांनी पुन्हा एकदा तपासली. गणित बरोबर होतं. मग त्यांना पहिल्यांदा तो शब्द आठवला. मोबाईलवर 'एक सूत म्हणजे किती' असं टाईप केलं, आणि उत्तर यायच्या आत मोबाईल उलटा ठेवला. कार्यक्रम उद्यावर आला होता. आता कळून उपयोग काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. या गोष्टीतली खरी चूक ही, असं आमचं मत आहे. बाकीच्या सगळ्या हसण्यावारी नेता येतील.

पौर्णिमेच्या सकाळी संगमनेरहून लोणीमार्गे गाडी ताशी वीसच्या वेगानं निघाली. मागे पेंढ्यात मूर्ती, आणि त्याच्याही मागे मोटारसायकलवर मच्छिंद्र. त्याला सरांनीच बोलावलं होतं, गावाला आपला विद्यार्थी दाखवायला. कोल्हारात वस्तीच्या तोंडाशी ढोलताशा, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया आणि फुलं घेतलेली पोरं तयार होती. चांगुणाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यात. गाडी इतकी उंच झाली होती, की त्यांना चढवायला आधी खुर्ची आणली, मग खुर्चीखाली पाट घातला. त्या वर बसल्या आणि काच खाली करून सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेतलं. सरांनी आईचा चेहरा इतका खुललेला बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, आता एवढा ओढा पार होऊ दे.

ओढ्यात वाट डावीकडे वळते.

धोंडा गाडीच्या पोटाखालून अलगद निसटला, हे सरांच्या बाजूनं नमूद करायला हवं. मग सरांनी स्टेअरिंग डावीकडे घेतलं. कर्र झालं. थोडं आणखी घेतलं. आतून कडाक् असा आवाज आला, डावं चाक पाय मुडपावा तसं आडवं झालं, आणि गाडी एका बाजूला गुडघा टेकून बसली. ढोल थांबले. पेंढा दाट होता म्हणून मूर्तीला काही झालं नाही. चांगुणाबाई दाराला टेकून तिरक्या बसल्या होत्या. लागलं नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "म्हेंद्र, पोचलो का?"

संदीपने टेम्पो आणला. फळ्या त्यात होत्याच. चौघांनी मूर्ती उचलून टेम्पोत ठेवली, बाकीच्यांनी फळ्या टाकल्या. चांगुणाबाई टेम्पोत बसल्या नाहीत. त्या उतरून चालू लागल्या, आणि कुणाकडेही बघत नव्हत्या.

मग लोकांचं लक्ष मच्छिंद्रकडे गेलं. "कुनी केलं रं हे काम?" एकाने विचारलं. "म्हातारी मेली असती की! सरांनी विस्वासानं दिली गाडी अन् तू असं केलंस?"

मच्छिंद्र ऑईलचे हात मागे धरून उभा होता. त्याने एकदा सरांकडे पाहिलं. सर बुटाकडे बघत होते.

"माझीच चूक हाय," मच्छिंद्र म्हणाला. "सरांनी बरोबर माप दिल्तं. माझ्याच हातनं जास्ती झालं."

सरांनी तोंड उघडलं. पण ढोल पुन्हा सुरू झाले होते. ढोल सुरू झाले नसते तर आपण बोललो असतो का, हा प्रश्न त्यांना अजूनही पडतो, आणि त्याचं उत्तर त्यांना माहीत आहे.

विहारात मूर्ती जागेवर बसली. मेणबत्त्या लागल्या. भन्तेजी एकेक शील म्हणत होते आणि मागून सगळी वस्ती म्हणत होती. सर पुढच्या रांगेत हात जोडून होते. मच्छिंद्र दाराबाहेर चपलांजवळ उभा होता, त्याला कुणी आत ये म्हणालं नव्हतं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," भन्तेजी म्हणाले. मी खोटं बोलण्यापासून दूर राहीन.

सरांच्या तोंडून 'मुसावादा' निघालं आणि पुढे काही येईना. लहानपणापासून पाठ असलेली ओळ. सगळ्यांचं म्हणून झालं, विहार शांत झाला, आणि त्या शांततेत चांगुणाबाईंनी मान वळवली. दीडशे आवाजांत आपल्या मुलाचा आवाज नाही, हे त्यांच्या कानाने बरोबर टिपलं होतं.

"म्हन की," त्या म्हणाल्या. "आडला का?"

"आई, मच्छिंद्रची चूक नाही," सर म्हणाले. विहार लहान होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "माप मी चुकीचं दिलं. त्याने सुतात विचारलं. मला सूत म्हणजे किती ते माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. बारा सांगितलं."

मागे कुणीतरी "बारा सूत?" असं म्हणालं आणि चटकन गप्प झालं. सरांचे कान तापले. जमिनीत चर खणून आत झोपावं असं त्यांना वाटलं. भन्तेजी थांबून राहिले.

चांगुणाबाईंनी मूर्तीमागच्या भिंतीकडे बोट केलं.

"ही भित कुनी बांदली?"

"दादांनी," सर म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे वडील, रंभाजी. आयुष्यभर गवंडीकाम केलेले. कॉलेजात कुणी विचारलं तर सर सांगायचे, वडील बांधकाम क्षेत्रात होते.

"कितींदा बांदली?"

सरांना आठवेना.

"दोन्दा. छातीएवढी झाल्ती, तवा वळंबा लावला तर दोन सूत कललेली. लोकं म्हनली, ऱ्हाऊ द्या रंभाजी, कुनाला दिसतंय. त्यांनी समदी उतरली आन् परत बांदली. तू इटा देत हुतास की रं. सात वर्साचा हुतास. 'सूत, सूत' करत गावभर हिंडायचास."

सरांना आठवलं. वडिलांच्या घडीच्या लाकडी पट्टीवर अंगठ्याचं नख होतं, नखात चुना होता, आणि ते नख इंचाच्या आतल्या बारीक रेघा मोजत होतं. ती पट्टी सरांनी कुठे टाकली तेही त्यांना आठवत नव्हतं. डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात सोडावेत तर सगळी वस्ती बघत होती. त्यांनी तसेच पुसले.

मग ते उठले, दाराशी गेले आणि मच्छिंद्रला म्हणाले, "आत चल."

"सर, हात घान हायेत."

"माझे पण," सर म्हणाले. तो आला. चौथं शील भन्तेजींनी पुन्हा म्हटलं.

संध्याकाळी ओढ्यात दोघं उकिडवे बसले. मच्छिंद्रने टेप काढून सवयीने सरांपुढे धरला. सरांनी तो घेतला नाही. "तू सांग. किती हवं होतं?"

"चार सुतात झालं असतं, सर."

सरांनी मनात हिशेब केला. बारा मिलिमीटर म्हणजे पावणेचार सूत. तीन पानांच्या गणितानंतर जे आलं होतं, ते मच्छिंद्रने चाकाकडे बघूनच ओळखलं होतं.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोल्लो की, सर. 'लई व्हतंय का' म्हनलो." तो चाचरला. "तुमी त्रिकोणमिती म्हनले."

गाडी आता नीट चालते. ओढ्यावरून जाताना सर खाली उतरून फळ्या टाकतात, संदीपच्याच असतात. पावसाळा लागता लागता कोल्हारच्या पत्त्यावर सरकारी पाकीट आलं. सर त्या दिवशी तिथेच होते. त्यांनी ते आईला वाचून दाखवलं. धोंडा नावाची व्यक्ती मौजे कोल्हार येथे आढळून आली नाही. सबब अर्जदाराच्या जीवितास कोणापासूनही धोका नसल्याने शस्त्र परवान्याचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.

चांगुणाबाई शेंगा निवडत होत्या. "काय म्हनत्यात?"

"मला कुणापासून धोका नाही म्हणतात."

"कुनापास्नंच न्हाई?" म्हातारीने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "त्यांना तुझं सोताचं नाव न्हाई का सांगितलंस?"